तिसऱ्या सत्रातली फारसी

अगं, पहिल्या वर्षी फारसी किती लाडानं वागते, नाही? निम्मे शब्द ओळखीचे निघतात, क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, वर लिंगाची भानगड नाही. मग सादीचं 'गुलिस्तान' समोर येतं आणि तीच भाषा डोळे वटारते. हैदराबादहून टेंभुर्णीला सुट्टीवर आल्यापासून तुझं जे 'ताई, मी विषयच बदलते' चाललंय ना, त्याचं मूळ तिथं आहे. विषय बदलू नकोस. अभ्यासाची रीत बदल.

तुझं शब्दांत अडत नाही, इजाफतीत अडतं. आपण 'सरदाराच्या घोड्याचं खोगीर' म्हणताना मालकाकडून वस्तूकडे येतो. फारसी खोगिरापासून सुरू करून सरदारापर्यंत जाते आणि मधला जोडणारा 'ए' बहुतेक वेळा कागदावर नसतोच. तो वाचणाऱ्यानं घालायचा. म्हणून एकच परिच्छेद घे, आठवडाभर तोच मोठ्यानं वाच आणि पेन्सिलीनं खाली जेर, म्हणजे त्या 'ए'ची खूण, देत जा. सरांपुढे अर्थ सांगण्याआधी नुसता वाचून दाखव. जेर बरोबर पडली की वाक्य उलगडतं. 'करणे', 'मारणे', 'होणे' लावून झालेली जोडक्रियापदं वेगळ्या वहीत टिप, कारण सुटा शब्द माहीत असून त्यांचा अर्थ लागत नाही.

आता मोबाईलवरच्या इराणी मालिका. बघ, जरूर बघ. पण तिथं 'नान'चं 'नून' होतं, 'खाने'चं 'खूने' होतं, आणि पुस्तकातली क्रियापदं तोंडात अर्धी होऊन येतात. शिवाय आपल्याकडचे जुने उस्ताद सिंहाला शेर आणि दुधाला शीर म्हणत आले. तेहरानात दोन्ही शीरच. उच्चार कुणाचा धरायचा हे एकदा ठरव आणि त्याला चिकटून राहा. दोन दगडांवर पाय ठेवून दुसरं वर्ष निघत नाही.

मी तुझ्या जागी असते तर दख्खनच्या कागदांकडे वळले असते. कोणत्या मुलखातून तू गेलीस ते बघ की! निजामुल्मुल्कानं 1724 साली मुबारिजखानाला हरवलं ते साखरखेर्डा आपल्याला काही लांब नाही. हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या दख्खनमधल्या कारभाराची फारसी कागदपत्रं ढिगानं आहेत. उस्मानिया काय किंवा मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ काय, दोन्हीकडे फारसीचा विभाग आहे. जालन्याला देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसून हैदराबाद गाठणाऱ्या पोरीच्या हाताशी हे सगळं आहे, आणि ती म्हणते विषय बदलते!

मराठी माणसानं हे काम आधी केलेलं आहे, त्याचा फायदा घे. माधव जूलियन, म्हणजे कवी माधवराव पटवर्धन, फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवत. त्यांचा फारसी-मराठी कोश 1925 चा. स्टाइनगासचा मोठा कोश इंग्रजीत आहे, तो वापरच, पण अर्थ मराठीत मनात ठसायला पटवर्धनांचा बरा. गणेश हरी खऱ्यांनी 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे खंड काढले, त्यांत फारसी कागद आणि त्यांचा मराठी अर्थ दोन्ही मिळतात. अनुवाद झाकून ठेव, स्वतः लाव, मग ताडून पाहा. आपल्या निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या सरकारी नोकरीत होते, आणि त्यांनी मोगल बखरी नि बातमीपत्रं मराठीत आणली. त्यांना कुणी सत्रपरीक्षा लावल्या नव्हत्या.

कागद हातात आला की पहिल्या ओळीपासून झुंजू नकोस. आधी शिक्का बघ, मग तारीख. हिजरी महिना आणि 'सन जुलूस', म्हणजे बादशहा गादीवर बसल्यापासूनचं वर्ष, सापडलं की काळ हाती लागतो. मग कुणी कुणाला लिहिलं ते शोध. पदव्यांच्या लांबलचक माळेत खरं नाव एकच असतं. शिकस्ता लिपीत नुक्ते गाळलेले असतात आणि न जोडायची अक्षरंही जोडलेली असतात, त्याला इलाज फक्त सवय. सियाकातले, म्हणजे हिशेबाच्या लिपीतले आकडे सगळ्यात शेवटी. गावात कुणाच्या पेटीत इनामी जमिनीचा मुंतखब असेल तर वाचायला माग, मात्र तो बहुधा उर्दूत निघेल. फारसी वळणाच्या त्या उर्दूवरही हात बसतो.

नोकरीचं खरं सांगते. जागा थोड्या आहेत. नेट फारसीत देता येते, पण तिच्या भरवशावर घरच्यांना मोठी स्वप्नं दाखवू नकोस. फारसीसोबत मोडी शीक आणि इतिहास हा जोडविषय ठेव. फारसी, मोडी आणि मराठी एकत्र वाचणारी माणसं मोजकीच आहेत, तिथं तुला कुणी सहज मागे टाकणार नाही.

तेव्हा विषय बदलायचा अर्ज फाडून टाक, तिसऱ्या सत्राचा भर, आणि गाडीत बसण्याआधी खऱ्यांचा एक खंड मागवून घे.