म्हातारपणी घास सुखरूप उतरावा म्हणून

सुगी आटोपली की रविवारी आपण वृद्धाश्रमात असलेल्या आईला, मावशीला किंवा थोरल्या काकांना भेटायला जातो. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून पिशवीत लाडू, पाव, नाताळ असला तर दोदोल आणि कुलकुल घेतो. म्हातारी प्रेमाने एक घास तोंडात घालते आणि लगेच तिला ठसका लागतो. “वय झाले, चालायचेच,” असे म्हणून आपण पाण्याचा पेला पुढे करतो. पण हा ठसका म्हणजे एक इशारा असतो. तो वेळीच ओळखला तर पुढचे मोठे दुखणे पुष्कळदा टाळता येते.

घास कसा गिळला जातो?

घशात दोन वाटा आहेत. पुढची श्वासनलिका फुप्फुसाकडे जाते आणि मागची अन्ननलिका पोटाकडे. मळ्यात पाणी देताना आपण एका वाफ्याचे दारे बांधतो व दुसऱ्याचे फोडतो, तसेच येथेही चालते. जीभ घास मागे ढकलते, कंठमणी वर उचलला जातो, श्वासनलिकेवर झडप पडते आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे एक-दोन सेकंदांत होते. त्यासाठी दोन डझनांहून अधिक स्नायू एकदिलाने काम करतात.

वय वाढले की हातापायांप्रमाणे जिभेचे व घशाचे स्नायूही बारीक होतात आणि लाळ कमी सुटते. दात गेलेले असतात किंवा कवळी सैल झालेली असते. अर्धांगवायू, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्यांना तर हा त्रास फारच होतो. दारे नीट बांधले गेले नाही तर अन्नपाणी श्वासनलिकेत झिरपते. त्याबरोबर तोंडातले जंतू फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही. अन्न गुपचूप चुकीच्या वाटेने जाते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या खुणांकडे लक्ष द्या

जेवताना वारंवार खोकला येणे, पाणी प्यायल्यावर आवाज ओला किंवा घरघरता होणे, गालात घास साठून राहणे, जेवायला फार वेळ लागणे, वजन उतरणे, पुन्हापुन्हा ताप किंवा छातीत कफ होणे. यांपैकी काही दिसले तर वृद्धाश्रमाच्या परिचारिकेला व डॉक्टरांना सांगा. गिळण्याची तपासणी वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. बोलणे आणि गिळणे यांचे बरेचसे स्नायू एकच असल्यामुळे हे काम त्यांच्याकडे असते.

सोपे व्यायाम

उन्हाळाभर गोठ्यात बसलेला बैल मृगात एकदम औताला जुंपला तर दमतो. स्नायूंचेही तसेच आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात २००५ साली सत्तरी ओलांडलेल्या निरोगी माणसांकडून आठ आठवडे जिभेचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या जिभेचा जोर वाढलेला आढळला. म्हातारपणीही स्नायू शिकतो, एवढे यातून कळते.

पुढील व्यायाम डॉक्टरांना विचारून, खुर्चीत ताठ बसून, तोंड रिकामे असताना करावेत.

१. मान हळूच उजवीकडे व डावीकडे वळवावी. खांदे वर उचलून सोडावेत. पाच वेळा.

२. गाल फुगवून पाच सेकंद थांबावे. नंतर ओठ ताणून “ई” व गोल करून “ऊ” म्हणावे. दहा वेळा.

३. जीभ बाहेर काढावी, दोन्ही गालफडांना लावावी. मग टाळूवर जोराने दाबून तीन ते पाच सेकंद धरावी. दहा वेळा.

४. “पा, टा, का, रा” असे मोठ्याने व स्पष्ट म्हणावे. जपानमधील वृद्धाश्रमांत जेवणापूर्वी सर्वांकडून हे म्हणवून घेण्याची पद्धत आहे. “पा”ने ओठ, “टा”ने जिभेचे टोक, “का”ने जिभेचे मूळ आणि “रा”ने जिभेची वळण्याची हालचाल तयार होते. सर्वांनी मिळून म्हटले तर गंमतही वाटते.

५. तोंडातली लाळ एखादा मोठा घास गिळावा तशी जोर लावून गिळावी. मध्ये विसावा घेऊन पाच वेळा.

६. मऊ रबरी चेंडू हनुवटीखाली धरून हनुवटीने दाबावा व सोडावा. डॉ. रेझा शेकर यांनी १९९७ साली उताणे झोपून डोके उचलण्याचा व्यायाम मांडला होता, पण थकलेल्यांना तो जड जातो. २०१४ साली सिंगापूरच्या संशोधकांनी हा चेंडूचा बसून करायचा व्यायाम पुढे आणला. मानेचे मणके दुखत असतील तर तो करू नये.

चक्कर आली किंवा दुखले तर लगेच थांबावे. सूचना न समजणाऱ्यांवर व्यायामाची सक्ती करू नये. त्यांच्यासाठी पुढील काळजीच अधिक महत्त्वाची.

जेवताना काय पाळावे?

- पडल्यापडल्या भरवू नये. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. जेवल्यावर अर्धा तास तरी बसवून ठेवावे.
- तांब्याची धार वरून तोंडात सोडून पाणी पिण्याची आपली सवय येथे घातक आहे. मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते. पेल्याने लहान घोट द्यावा.
- पातळ पाणी सांभाळणे सर्वांत कठीण. पेय घट्ट करून द्यायचे की नाही, ते तज्ज्ञांना विचारून ठरवावे.
- चुरमुरे, शेंगदाणे, कोरडा पाव, चिकट दोदोल टाळावे. गुरगुट्या भात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे बरे.
- भरवणाऱ्याने समोर बसावे. एक घास उतरल्याशिवाय दुसरा देऊ नये व बोलते करू नये.
- दात, जीभ व कवळी रोज स्वच्छ करावी. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे केलेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तोंडाची नियमित निगा राखलेल्यांत शंभरात ११ जणांना न्यूमोनिया झाला, तर इतरांत १९ जणांना.

आजाऱ्यांकडे पवित्र कम्युनियन नेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. आजाऱ्याला उठवून बसवावे व लहानसा तुकडा द्यावा. घन पदार्थ मुळीच गिळता येत नसेल तर फादरांना आधी कळवावे. अशा गरजेच्या वेळी केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देण्यास १९८३ च्या चर्च कायद्यात मुभा आहे.

घास अडकलाच तर

माणूस खोकत असेल तर खोकू द्यावे, पाणी पाजू नये. आवाज किंवा श्वास बंद झाला तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तरी मोकळे झाले नाही तर पाठीमागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत व वर दाबावे. हे आलटून पालटून करीत राहावे आणि दुसऱ्या कोणाला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगावे.

पुढच्या रविवारी वृद्धाश्रमात जाल तेव्हा खाऊ देण्यापूर्वी परिचारिकेला विचारा, “आईला काय चालते?” आणि आईच्या शेजारी बसून तिच्याबरोबर दहा वेळा “पा, टा, का, रा” म्हणा. शेजारच्या खाटेवरील आजोबांनाही बोलावून घ्या.