केनियात मुलांना शिकवायला जाताय? आजारपणाचा हिशेब आधी मांडा

पदवीनंतरचे रिकामे महिने असोत की निवृत्तीनंतरचे, केनियातल्या एखाद्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलंत की संस्था राहणं, जेवण, वर्गांच्या वेळा सगळं कळवते. आजारी पडलात तर काय, हे मात्र ‘वैद्यकीय मदत उपलब्ध’ एवढ्यावर उरकतं. लहान मुलांच्या वर्गात महिनाभर काढलात की सर्दी-ताप, जुलाब, डोळे येणं, खरूज, उवा यांपैकी काहीतरी चिकटतंच. त्यात केनियात मलेरियाची भर. इथे निघण्यापूर्वी केलेला खर्च काही हजारांत आटोपतो. तिथे उपचारांचे पैसे आगाऊ भरावे लागतात.

तयारी आठ आठवडे आधी

पहिली गोष्ट पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. परतताना वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, फक्त मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि जे. जे. रुग्णालय, पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय ही त्यातली काही. लसीची कुपी अनेक डोसांची असते आणि उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून वार ठरलेले, माणसांची संख्या ठरलेली आणि वेळ आधी घ्यावी लागते. मूळ पासपोर्ट न्या. आजार असतील तर त्यांची कागदपत्रं आणि चालू औषधांची यादीही न्या. सरकारी केंद्रांत शुल्क बराच काळ ३०० रुपये आहे. नोंदणी करताना सध्याची रक्कम विचारून घ्या.

प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून वैध होतं आणि २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. एकदा घेतलं असेल तर पुन्हा पैसे घालवू नका. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, गर्भवती असाल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पैसे घेऊन लस न टोचताच प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड देणारा एजंट भेटला तर सरळ बाहेर पडा. कार्ड खोटं निघालं तर विमानतळावर अडकाल, आणि आजारापासून संरक्षण तर मिळणारच नाही.

बाकीच्या लसी अशा. गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर), कांजिण्या (पूर्वी झाल्या नसतील तर), धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, फ्लू, टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी, रेबीज. खासगी दवाखान्यात टायफॉइडची नवी लस, फ्लू, हिपॅटायटिस ए आणि कांजिण्या प्रत्येकी साधारण दीड ते अडीच हजारांत पडतात. रेबीजचा डोस काही शे रुपयांत येतो. डॉक्टरांची फी आणि टोचण्याचा आकार वेगळा. लसीची छापील किंमत विचारा आणि बिल घ्या.

वेळेचं गणित नीट जमवा. पीतज्वर, एमएमआर आणि कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. त्या एकाच दिवशी तरी घ्याव्या लागतात, नाहीतर त्यांत किमान चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. शेवटच्या पंधरवड्यात जागे झालात तर काही लसी राहूनच जातील. पोलिओच्या डोसाची सक्ती कोणत्या देशांसाठी आहे ती यादी बदलत असते. पीतज्वराच्या केंद्रातच तेही विचारून घ्या.

रेबीजची आगाऊ लस टाळू नका. आधी दोन डोस झालेले असतील तर चावा घेतल्यावर आणखी दोनच लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज उरत नाही. खेड्यात नेमकं तेच मिळत नाही. चावा कितीही छोटा असला तरी साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटं धुवा.

मलेरियाच्या गोळ्या: सगळे दिवस मोजा

किसुमूजवळचा व्हिक्टोरिया सरोवराचा पट्टा आणि मोम्बासाचा किनारा इथे मलेरियाचा धोका मोठा आहे. नैरोबीत तो कमी आहे, शून्य नाही. क्लोरोक्विन तिथे चालत नाही. पर्याय तीन आहेत आणि तिन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात.

डॉक्सिसायक्लिन सगळ्यांत स्वस्त. रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यानंतर चार आठवडे. दोन महिन्यांच्या मुक्कामासाठी जवळपास नव्वद गोळ्या झाल्या. उन्हात त्वचा भाजते, म्हणून टोपी आणि सनस्क्रीन लागतं. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सातच दिवस घ्यायची असते, पण ती महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विन दोन-तीन आठवडे आधीच सुरू करावी लागते. नैराश्य, चिंतारोग किंवा फेफऱ्याचा इतिहास असेल तर ती घेऊ नका.

बहुतेकांचा हिशेब परतीच्या तिकिटापाशी संपतो आणि पुढच्या गोळ्या राहून जातात. सगळा साठा इथूनच न्या. औषधं मूळ पाकिटात ठेवा, सोबत इंग्रजीतली चिठ्ठी असू द्या. कोडीनयुक्त खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या यांच्यावर निर्बंध असतात. गरज नसेल तर नेऊच नका.

पॉलिसी घेताना विचारायचे प्रश्न

प्रवास विमा भारतातून निघण्याआधी घ्या. हप्त्यापेक्षा अटी वाचा. स्वयंसेवेचं काम कव्हर होतं का? मुक्काम जितका, तितके दिवस पॉलिसी चालते का? जुना मधुमेह, रक्तदाब धरलेत का? एअर अॅम्ब्युलन्सने हलवण्याचा खर्च आहे का? डिडक्टिबल किती, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिले किती डॉलर तुमच्या खिशातून जाणार? साठीच्या पुढच्यांसाठी आजारागणिक मर्यादा आहे का? उत्तरं ईमेलवर मागा. फोनवरच्या होकाराला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

बोडा-बोडा, म्हणजे दुचाकी टॅक्सी, तिथे सर्वत्र आहे. हेल्मेटशिवाय बसलात आणि पडलात तर बऱ्याच पॉलिसी हात वर करतात. दारू प्यायल्यानंतरच्या अपघातांचंही तसंच.

दुर्गम गावात राहणार असाल तर अॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं अल्प मुदतीचं सदस्यत्व पाहा. ही संस्था नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून रुग्ण उचलून आणते. पॉलिसीत ही सोय आधीच असेल तर दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

पर्यटकाची ईटीए ही ऑनलाइन प्रवास-परवानगी (३० डॉलर आणि वर सेवा शुल्क) म्हणजे स्वयंसेवेची परवानगी नव्हे. कोणता पास लागतो, तो कोण काढणार, फी कोण भरणार, हे संस्थेकडून लेखी घ्या. कागद चुकीचा असेल तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं.

संस्थेला पैसे भरण्याआधी

‘वैद्यकीय मदत’ म्हणजे नेमकं काय? अनेकदा त्याचा अर्थ रुग्णालयाचा पत्ता आणि टॅक्सीचा नंबर एवढाच निघतो. रात्री सोबत कोण येणार? रुग्णालयाचं डिपॉझिट कोण भरणार? टॅक्सीचे पैसे कोणाचे? आजारपणामुळे लवकर परतलात तर उरलेल्या आठवड्यांचे पैसे परत मिळतात का? जवळचं रुग्णालय किती तासांवर आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोन तासांपेक्षा जास्त असेल तर दुसरी शाळा मागा.

तिथे आजारी पडलात तर

ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची चाचणी करा. ताप अंगावर काढू नका. गोळ्या घेत असलात तरी मलेरिया होऊ शकतो. लहान सरकारी दवाखान्यातही झटपट चाचणी होते आणि ती स्वस्त असते. जुलाब झाले तर पाकिटावर लिहिलेल्या मापाने ओआरएस. शौचात रक्त, खूप ताप किंवा लघवी कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा.

नैरोबीत आगा खान विद्यापीठ रुग्णालय, नैरोबी हॉस्पिटल आणि पार्कलँड्समधलं एम. पी. शाह रुग्णालय ही मोठी खासगी रुग्णालयं. दाखल होताना खासगी ठिकाणी डिपॉझिट मागतात. म्हणून आधी विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा, क्लेम क्रमांक घ्या, मगच दाखल व्हा. जीव धोक्यात असेल तर उपचार आधी, फोन लगेच नंतर. प्रत्येक बिल, चाचणीचा अहवाल, औषधांची पावती आणि एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, पैसे दिले असतील तर त्याचा मेसेज जपून ठेवा. शिक्का आणि निदान नसलेल्या बिलावर क्लेम अडतो.

भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार बंद ठेवलेले असतात. निघण्याआधी बँकेच्या अॅपवर ते सुरू करा आणि मर्यादा वाढवा. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बऱ्याचदा साडेतीन टक्के असतो, तोही धरा. डिपॉझिटपुरती रक्कम वेगळी ठेवा आणि ती सहलीवर खर्चू नका.

वर्गात कधी जायचं नाही

तुम्ही घरी बसल्याने शाळा बंद पडत नाही. तुमचा गोवर किंवा फ्लू मात्र कुपोषित किंवा आधीच आजारी मुलाच्या जिवावर बेतू शकतो. नियम सोपे आहेत. जुलाब-उलट्या थांबल्यावर ४८ तास वर्गात जाऊ नका. तापाची गोळी न घेता ताप उतरल्यावर २४ तास थांबा. कांजिण्यांत सगळ्या फोडांच्या खपल्या धरेपर्यंत, खरजेत पहिला उपचार पूर्ण होईपर्यंत थांबा. दोन-तीन आठवडे खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या.

हात साबणाने धुवा. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नाही. पिशवीत हातमोजे ठेवा. मुलाच्या जखमेचं रक्त तुमच्या जखमेत किंवा डोळ्यात गेलं तर धुऊन तडक रुग्णालयात जा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं. व्हिक्टोरिया सरोवरात पोहू नका. त्या पाण्यातून बिल्हार्झियाचे जंत त्वचेतून शरीरात शिरतात.

परतल्यावर

उरलेल्या गोळ्या संपवा. क्लेमची कागदपत्रं पॉलिसीत दिलेल्या मुदतीत पाठवा आणि प्रती स्वतःकडे ठेवा. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा: केनियाहून आलो आहे, मलेरियाची चाचणी करा. नाहीतर आपल्याकडे डेंग्यू शोधण्यात दिवस जातात आणि फाल्सिपॅरम हा घातक मलेरिया तेवढा वेळ देत नाही. मुंबईत कस्तुरबा आणि पुण्यात नायडू ही संसर्गजन्य आजारांची पालिका रुग्णालयं आहेत. चाचणी एकदा नकारात्मक आली आणि ताप टिकून राहिला, तर ती पुन्हा करून घ्या.