सिबिलमधली केटी

'दिवाळं निघालं' हे वाक्य आपल्या होस्टेलवर महिन्याच्या वीस तारखेनंतर रोज ऐकू येतं. मेसचं बिल भरलं आणि झेरॉक्सवाल्याची उधारी चुकवली की लोकलच्या पासापुरतेही पैसे उरत नाहीत. पण खरंखुरं दिवाळं म्हणजे काय, आणि ते निघालेला माणूस पुन्हा कर्ज मिळण्याच्या लायकीचा कसा ठरतो, हे मला गेल्या दोन वर्षांत मामाच्या निमित्ताने शिकावं लागलं. विषय सिलॅबसबाहेरचा आहे खरा. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या नावावर एज्युकेशन लोन आहे आणि स्टाफपैकी अनेक जण कुणा ना कुणाचे जामीनदार आहेत, म्हणून लिहितो आहे.

आधी कायदा. जुन्या काळी पेढी बुडाली की सावकार भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवत असे, त्यावरून 'दिवाळं' हा शब्द आला असं सांगतात. आता दिवा लावायला उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबईसाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट आहे, उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट. आपली उपनगरं बृहन्मुंबईत असल्यामुळे अंधेरी-मुलुंडच्या माणसालाही फोर्टातच अर्ज करावा लागतो. देणी ५०० रुपयांवर गेली आणि फेडता येत नसली की अर्ज करता येतो! न्यायालयाने नादार ठरवलं की मालमत्ता ऑफिशियल असाइनीच्या ताब्यात जाते आणि तो ती विकून देणेकऱ्यांना वाटतो. धंद्याची हत्यारं, कपडे, अंथरूण, भांडी असं मिळून फक्त ३०० रुपयांपर्यंतचं सामान सुटतं. आपल्या वर्कशॉपमधला एक बरा व्हर्नियरही त्यात बसणार नाही. शेवटी 'डिस्चार्ज' मिळाला की काही अपवाद सोडता जुनी देणी संपतात. तोवर मात्र आपण नादार आहोत हे न सांगता कुणाकडून ५० रुपयांची किंवा त्याहून जास्त उधारी घेतली, तर तो गुन्हा आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कॅन्टीनमध्ये दोन वडापाव आणि चहा मांडून ठेवायला सांगतानाही आधी आपली कहाणी सांगायची.

२०१६ साली नवी दिवाळखोरी संहिता आली. तिच्यात अगदी गरीब कर्जदाराला नव्याने सुरुवात करून देण्याची तरतूदसुद्धा आहे. पण व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. साधा नोकरदार किंवा गाळेवाला अजून १९०९ मध्येच आहे. साहजिकच तो कोर्टाची पायरी चढतच नाही. त्याचं दिवाळं कोर्टात निघत नाही, ते सिबिलमध्ये निघतं.

मामाचं तसंच झालं. साकीनाक्याला भाड्याच्या गाळ्यात तो प्रेस टूल आणि डाय बनवायचा. घर असल्फ्याला. मशीनसाठी एका फायनान्स कंपनीचं कर्ज, एक पर्सनल लोन आणि एक क्रेडिट कार्ड एवढा पसारा होता आणि २०२० पर्यंत एकही हप्ता चुकला नव्हता. लॉकडाऊनमध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्त्यांना सवलत दिली. ती संपली, पण ऑर्डरी परत आल्या नाहीत. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं बुडीत गटात जातं, तशी त्याची तिन्ही खाती एकापाठोपाठ गेली. वसुलीचे फोन रात्री दहालाही यायचे. (सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर असे फोन करू नयेत हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलं. कुणाला असे फोन येत असतील तर वेळेसकट लिहून ठेवा.) २०२१ मध्ये गाळा सोडला. २०२२ मध्ये लेथ विकून मशीनचं कर्ज पूर्ण फेडलं आणि मामीचे दागिने मोडून बाकी दोन्हींवर तडजोड केली. बँकेचा माणूस म्हणाला, "सेटलमेंट करा काका, विषय संपेल." मामाने पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

विषय संपला नाही. २०२४ मध्ये मामेबहिणीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, लोनसाठी सहकर्जदार म्हणून मामाचं नाव घातलं आणि अर्ज फेटाळला गेला. तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढायला बसलो.

रिपोर्ट म्हणजे मार्कशीट समजा. आपल्याकडे चार कंपन्या तो तयार करतात: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलची स्थापना २००० साली झाली आणि २००५ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा आला. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. आपला रिपोर्ट आपणच बघितला तर स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका. सगळे स्कोअरकडे बघतात, पण वाचायचं असतं ते खाली. प्रत्येक खात्याचा ३६ महिन्यांपर्यंतचा तक्ता असतो आणि प्रत्येक महिन्यापुढे हप्ता किती दिवस थकला तो आकडा. शून्य असेल तर छान. मामाच्या तक्त्यात ३०, ६०, ९० अशी चढण होती. मग खात्याची स्थिती. पूर्ण फेडलेलं खातं 'क्लोज्ड', तडजोडीचं 'सेटल्ड', बँकेने बुडीत धरून बाजूला काढलेलं 'रिटन ऑफ'. सगळा घोळ या शब्दांत आहे. मामाच्या मते सेटल्ड म्हणजे मिटलं. बँकेच्या मते सेटल्ड म्हणजे ह्या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर केटी सुटली, पण मार्कशीटवरचा स्टार राहिला. शिवाय जून २०२३ च्या नियमाप्रमाणे तडजोड झालेल्या कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्याआधी बँकेने शेतीखेरीजच्या कर्जांत किमान १२ महिने थांबायचं असतं.

तिसरं खातं बघून तर आम्ही चाटच पडलो. मशीनचं पूर्ण फेडलेलं कर्ज रिपोर्टमध्ये अजून थकीत दिसत होतं! कंपनीने फेडीची माहिती पुढे कळवलीच नव्हती. दुरुस्तीचा अर्ज रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे फुकट करता येतो. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. आम्ही देवघरातली पिशवी काढली, नो ड्यूज सर्टिफिकेट स्कॅन केलं आणि अर्ज टाकला. तीन आठवड्यांत ते खातं 'क्लोज्ड' झालं. पिशवी नसती तर काय झालं असतं कोण जाणे. तारण दिलेल्या घराची कागदपत्रं असतील तर तीही मागून घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ती परत दिली नाहीत आणि उशीर बँकेच्या चुकीने झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे, डिसेंबर २०२३ पासून.

आता 'सेटल्ड' खात्यांचं काय? बँकेने सोडून दिलेली रक्कम नंतर भरून, तसं पत्र घेऊन ते खातं 'क्लोज्ड' करून घेता येतं. सोडलेली रक्कम भरणं कायद्याने बंधनकारक नाही, आणि मामाला दोन्ही खात्यांचं झेपणारंही नव्हतं. कार्डाची बाकी लहान होती, तेवढी भरली. भरण्याआधी "पैसे मिळाल्यावर स्थिती बदलू" असं बँकेकडून लेखी घेतलं. हे मी हट्टाने करायला लावलं, मामा तोंडी बोलण्यावर पैसे भरायला तयार होता. पर्सनल लोन 'सेटल्ड' राहू दिलं. अशी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची असते, तेव्हा ती दिसत राहणार. दुसरीकडेही हे चटकन पुसलं जात नाही. अमेरिकेत चॅप्टर सेव्हनखाली दिवाळं काढलं तर दहा वर्षांपर्यंत रिपोर्टवर राहू शकतं. (एम.एस.ला जाणाऱ्यांनी इथला स्कोअर तिथे चालेल असं समजू नये. तिथे पाटी कोरीच असते.)

जुनं पुसता येत नाही, म्हणून त्याच्या शेजारी नवं लिहावं लागतं. लोकलच्या डब्यात 'सिबिल खात्रीने सुधारून देऊ' अशी स्टिकर्स असतात. खरी नोंद कुणीही पैसे घेऊन काढू शकत नाही, आणि चुकीची नोंद आपली आपण फुकट काढू शकतो. मग हे लोक पैसे कशाचे घेतात? मामाने १५,००० ची एफडी केली आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. तारण असल्यामुळे अशी कार्डं खराब स्कोअरवरही बहुतेक वेळा मिळतात. त्यावर फक्त लाइटबिल आणि मोबाईल, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम दहा टक्के. बिल आलं की पूर्ण भरायचं, 'मिनिमम ड्यू' नाही. दर महिन्याला एक शून्य जमा होतं. जर्नल जसं एका रात्रीत लिहून खपतं तसं इथे काही खपत नाही. ह्या काळात कुठेही नवा अर्ज करायचा नाही, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी म्हणून नोंद होते आणि घाईघाईने दहा दारं ठोठावणारा माणूस अडचणीतला समजला जातो.

मामाला आधी वाटलं होतं की ओळखीच्या पतपेढीतून छोटं कर्ज घेऊन वेळेवर फेडावं. पण पतपेढी सहकार कायद्याखालची संस्था असते, बँक नव्हे. तिथली फेड सहसा ह्या रिपोर्टमध्ये येतच नाही. नावात 'पत' असून उपयोग नाही! नागरी सहकारी बँकेतल्या कर्जाची नोंद मात्र होते. म्हणून वर्षभराने त्याने एका सहकारी बँकेतून टूलबॉक्स आणि ग्राइंडरसाठी लहान तारणी कर्ज घेतलं आणि बारा हप्ते तारखेच्या दोन दिवस आधी भरले. आता तो दुसऱ्याच्या गाळ्यात पगारावर डाय बनवतो आणि रविवारी स्वतःची कामं घेतो. स्कोअर पाचशेच्या घरातून सातशेच्या जवळ आला आहे. बहिणीचं पहिलं वर्ष नातेवाइकांच्या पैशांवर निघालं. दुसऱ्या वर्षापासून मामीला सहकर्जदार करून लोन मिळालं.

स्वतःची चूक नसतानाही हप्ता चुकू शकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ज्यांचा दुसऱ्या बँकेचा हप्ता त्या खात्यातून जात होता, त्यांचा हप्ता तिथेच अडला. ती बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. चुकलेल्या हप्त्याच्या तक्त्यात मात्र कारणाचा रकाना नसतो. हप्त्यापुरते पैसे दुसऱ्या एखाद्या खात्यात असावेत हे तेव्हापासून आमच्या घरात ठरलं.

आता आपलं. फोनवर मिळणारं 'आत्ता घ्या, नंतर द्या' हेही कर्जच आहे, आठशे रुपयांचे बूट असले तरी तक्त्यात आकडा तसाच उमटतो. सरकारी बँकांच्या भरतीच्या जाहिरातींत अलीकडे चांगल्या क्रेडिट इतिहासाची अट असते. कर्जफेडीच्या खराब इतिहासावरून एका उमेदवाराची नेमणूक स्टेट बँकेने रद्द केली, ती मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये उचलून धरली. उलट २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ सिबिल स्कोअर कमी म्हणून विद्यार्थ्याला शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. अर्ज फेटाळला गेला तर हा निकाल बँकेच्या मॅनेजरसाहेबांपुढे जरूर ठेवावा. एज्युकेशन लोनचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो, नोकरी लागो न लागो, आणि तो चुकला तर खूण आपल्याबरोबर बाबांच्या रिपोर्टवरही पडते. जामीनदाराचंही तेच. स्टाफमधल्या सरांनी कुणाच्या बँकेच्या कर्जाला सही केली असेल तर ते खातं त्यांच्याही रिपोर्टमध्ये दिसतं. वर्षातून एकदा बघायला हरकत नाही.

रिपोर्ट कसा काढायचा हे कुणाला बसून बघायचं असेल तर शनिवारी रात्री जेवणानंतर मी कॉमन रूममध्ये असतो. पॅन कार्ड आणि त्याच्याशी जोडलेला मोबाईल घेऊन या. ओटीपी मात्र मलाही सांगू नका, स्वतः टाका.