ग्रंथ व शालेय दप्तर यांवरील बुरशी

मृगाचा पाऊस लागून आठ-पंधरा दिवस लोटले, की शाळेचे कपाट उघडताच जो कुबट वास येतो, तो बुरशीची पहिली वर्दी होय. पांढरी वा हिरवट पूड डोळ्यांस दिसेपर्यंत शिक्षकाने थांबू नये.

बुरशीचे बीजकण हवेत सदैव असतातच. त्यांना ओल मिळू न देणे एवढेच माणसाच्या हाती आहे. सापेक्ष आर्द्रता शेकडा ६५ च्या वर बराच काळ राहिली आणि हवा कोंडलेली असली, की बांधणीची खळ, कापड व चामडे यांवर ते रुजतात. मुंबईत पावसाळ्यात ही आर्द्रता शेकडा ८० च्याही वर जाते. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो, वा १८३३ साली पुऱ्या झालेल्या टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह असो, पावसाळी हवा त्यांस चुकलेली नाही. खिडक्या उघडल्या म्हणजे झाले, ही समजूतही अपुरी आहे. झडीच्या दिवशी उघड्या खिडकीतून वाऱ्याबरोबर ओलही आत येते. उघडीप असेल तेव्हाच खिडक्या उघडाव्या; एरवी आतली हवा पंख्याने हलती ठेवावी.

परळ-लालबागच्या चाळींतून पत्र्याच्या ट्रंकेत कागद ठेवण्याची रीत होती. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या, आणि पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली, तेव्हा माणूस गिरणीत कामास होता हे दाखविण्यास असेच जुने कागद शोधावे लागले. घट्ट झाकणाच्या ट्रंकेत ओलसर कागद गेला, की ती ओल बाहेर पडत नाही. खेड्यातील शाळेत त्या ट्रंकेची जागा दाखलखारीज रजिस्टराची आहे. जन्मतारखेची व जातीची जुनी नोंद पुष्कळदा तेथेच सापडते. ते पान गेले तर एखाद्या कुटुंबाचा पुरावाच गेला.

पुस्तक भिजल्यास ४८ तासांच्या आत ते वाळू लागले पाहिजे. पाने जबरीने सुटी करू नयेत. मधून मधून टीपकागद किंवा कोरा कागद घालावा, तो ओला होताच बदलावा, व पुस्तक सावलीत, वाऱ्यावर उभे ठेवावे. कडक उन्हाने कागद ठिसूळ होतो व शाई उडते.

बुरशी ओली असता पुसू नये. ती कागदात अधिकच मुरते. बाधित पुस्तक प्रथम वेगळे काढावे, पूर्ण वाळू द्यावे. मग उघड्या जागी, वारा पाठीमागून येईल असे उभे राहून, नाकातोंडास मास्क लावून, मऊ ब्रशाने पूड झटकावी. दम्याचा विकार असणाऱ्याने हे काम करू नये. विद्यार्थ्यांकडून कपाट झाडून घेण्याची जी सवय पुष्कळ शाळांत आहे, ती या बाबतीत तरी सर्वस्वी त्याज्य होय.

कडुनिंबाचा पाला कसरीसाठी घालतात; बुरशीवर तो उपाय नव्हे, आणि हिरवा पाला घातल्यास उलट ओलच वाढते. थायमॉलची धुरी पूर्वी देत असत. माणसास अपायकारक म्हणून ती आता टाळतात.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे, विशेषतः पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीपासून. खालचा खण जमिनीपासून उंच असावा. पुस्तके दाटीने कोंबू नयेत. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी दप्तर बाहेर काढावे, व त्यातही सर्वांत जुने रजिस्टर प्रथम उघडून पाहावे.