अंतरावरचे संपादन : 'छत्तीसगढ मित्र' ते दूरस्थ वृत्तमाध्यम

१

नियतकालिकाचे कार्यालय म्हटले की, मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते : कागदांनी भरलेले टेबल, शेजारच्या खोलीतून येणारा यंत्राचा आवाज, मुद्रिते घेऊन येणारा मुलगा आणि संध्याकाळी जमणारी लेखकमंडळी. आंतरजालावरील वृत्तमाध्यमांनी हे चित्र बऱ्याच अंशी कालबाह्य ठरविले आहे. आता काही संस्थांना कार्यालयच नसते. अमेरिकेत २००५ साली स्थापन झालेल्या ऑटोमॅटिक या संस्थेतील मंडळी प्रारंभापासून आपापल्या गावी राहून काम करीत. सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यालयात फारसे कोणी येत नाही, हे पाहून संस्थेने २०१७ मध्ये तेही बंद करण्याचे ठरविले. मार्च २०२० मधील देशव्यापी टाळेबंदीनंतर भारतातील अनेक संपादक आणि उपसंपादक घरूनच काम करू लागले.

या पालटाची चर्चा बहुधा सोय, खर्च आणि कामाचे तास यांच्या अंगाने होते. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकापुढील प्रश्न मात्र निराळा आहे. संपादन हे एकट्याचे काम नसून अनेकांच्या संवादातून सिद्ध होणारी कृती आहे, असे मानले, तर ती अंतर सहन करू शकते काय? आणि करीत असल्यास, तिच्यातील काय टिकते व काय गळून पडते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जबलपूर आणि जुना मध्य प्रांत यांच्या संदर्भात केला आहे.

२

अंतरावरून संपादन ही कल्पना नवी नाही. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे एका मराठीभाषक कुटुंबात जन्मलेल्या सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक आणि वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. संपादक पेंड्रा येथे राहत, प्रकाशक रायपूरला. छपाई आधी रायपुरात आणि पुढे नागपुरात होत असे. म्हणजे लेखन, संपादन, प्रकाशन आणि मुद्रण ही चारही कामे एका छपराखाली नव्हती. त्यांना जोडणारा धागा होता टपालाचा आणि आगगाडीचा. तरीही हे मासिक सुमारे तीन वर्षे चालले आणि हिंदी समीक्षेच्या व कथेच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. 'छत्तीसगढ मित्र'मध्ये अंतर होते ते कामाच्या टप्प्यांमध्ये. प्रत्यक्ष संपादनाच्या टप्प्यावर विचारविनिमयाला माणूस जवळ होता. आजच्या दूरस्थ संस्थेत हे अंतर एकाच टप्प्याच्या आत शिरले आहे. एकाच मजकुरावर तीन गावांतील तीन माणसे एकाच वेळी काम करतात आणि ती एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. टपाल मंद होते, परंतु ते आलेल्या पत्राला उत्तर देण्याआधी विचाराला अवकाश देत असे. आजचा निरोप क्षणात पोहोचतो आणि उत्तराची अपेक्षाही त्याच क्षणी करतो.

३

जबलपूरच्या मराठी भाषकाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती आणि राजधानी नागपूरला होती. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत वावरणारा सुशिक्षितांचा एक वर्ग त्या व्यवस्थेत वाढला. टिळकांचे 'गीतारहस्य' आणि रामदासांचा 'दासबोध' हिंदीत नेणारे सप्रे हे या वर्गाचे प्रातिनिधिक उदाहरण होय. १९२० मध्ये जबलपुरातून निघालेल्या 'कर्मवीर' या साप्ताहिकाच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. राज्यपुनर्रचनेनंतर जबलपूर हिंदीभाषी मध्य प्रदेशात राहिले, विदर्भ आधी मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात गेला. जबलपूरच्या मराठी घरांत भाषा राहिली, पण त्या भाषेतील उपजीविका दूर गेली. मराठी वृत्तपत्रात काम करावयाचे, तर नागपूर, पुणे वा मुंबई गाठणे भाग पडू लागले.

दूरस्थ माध्यमाने ही अट शिथिल केली आहे. सिविल लाइंसमधील एखाद्या घरात बसून पुण्यातील वा मुंबईतील संस्थेसाठी मराठी मजकूर तपासणे आता अशक्य नाही. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर ग्रामीण भारताविषयीचे लेखन मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवादित होते. निरनिराळ्या ठिकाणी राहणारे अनुवादक त्याचा भार वाहतात. सीमेपलीकडील मराठीला अशा व्यवस्थेत प्रथमच वेतन मिळण्याची शक्यता निर्माण होते. हा लाभ लहान नाही.

४

परंतु हानीचाही हिशेब मांडला पाहिजे. पहिली हानी शिक्षणाची. उपसंपादक घडतो तो नियमांच्या पुस्तकातून कमी आणि शेजारच्या टेबलावरून अधिक. ज्येष्ठ संपादक एक वाक्य खोडतो आणि खोडताना दोन शब्द पुटपुटतो. ते पुटपुटणे हाच पाठ असतो. संगणकावरील मजकुरात कोणता शब्द कोणी बदलला याची नोंद राहते, परंतु तो का बदलला हे त्या नोंदीत नसते. लिपीचेच उदाहरण घ्यावे. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदी मुद्रणातील वळणांहून भिन्न आहेत. 'दुसऱ्या' या शब्दातील ऱ्य आणि 'सूर्य' यातील र्य यांच्यातील भेद मराठी वाचकाला खटकन जाणवतो. हिंदी वातावरणात वाढलेल्या तरुणाला हे सांगण्यास कोणी जवळ नसेल, तर ती चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

दुसरी हानी संबोधनाची. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांची निवड वय, नाते आणि प्रसंग पाहून केली जाते, आणि बोलताना स्वर तिला सावरून घेतो. लिखित निरोपात स्वर नसतो. 'हे पुन्हा पाहा' एवढे तीन शब्द समोरासमोर सूचना ठरतात, पडद्यावर मात्र आज्ञा वा नापसंती. परिणामी पुष्कळ मराठी मंडळी आपसातील कामकाज इंग्रजीत उरकतात, कारण तेथे ही निवड करावी लागत नाही. मजकूर मराठी आणि त्याविषयीची चर्चा इंग्रजी, अशी ही फाळणी होय. ज्या भाषेत संपादनाची चर्चा होत नाही, तिची संपादनविषयक परिभाषा वाढत नाही.

तिसरी हानी घर आणि काम यांतील सीमेची. सिविल लाइंस ही मुळात इंग्रजी अमदानीतील मुलकी अधिकाऱ्यांची वसाहत. त्या काळी जिल्ह्याचा अधिकारी बंगल्यावरही काम पाहत असे. मात्र अभ्यागत थांबे व्हरांड्यात, आणि आतल्या घरात काम सहसा शिरत नसे. आजच्या दूरस्थ कर्मचाऱ्याला असा व्हरांडा नाही. जागा, वीज आणि वेळ त्याच्या घरची, आणि निरोप मात्र रात्रीही येतात.

५

यावर उपाय नाही असे नव्हे. मराठी विकिपीडिया २००३ पासून कार्यालयाविना चालत आला आहे. तेथील सदस्यांनी सामायिक चर्चेच्या पानाला 'चावडी' हे नाव दिले. नाव सूचक आहे. गाव नसले तरी चावडी हवी, ही जाणीव त्यात आहे. दूरस्थ संस्थांनीही काही गोष्टी जाणीवपूर्वक केल्या पाहिजेत : प्रत्येक महत्त्वाच्या दुरुस्तीमागील कारण मराठीत लिहून ठेवणे, नवोदिताला ज्येष्ठाबरोबर ठरावीक वेळी प्रत्यक्ष बोलण्याची संधी देणे, आणि कामाचे तास संपले म्हणजे निरोपही थांबविणे. या नोंदी साठत गेल्या, तर कार्यालयात हवेत विरून जाणारे ज्ञान प्रथमच लिखित स्वरूपात उपलब्ध होईल, ही शक्यताही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

सप्रे आणि त्यांचे सहकारी यांनी अंतरावर मात केली ती टपालाच्या बळावर नव्हे. काय छापावे आणि का छापावे, याविषयी त्यांच्यात एकवाक्यता होती. साधने बदलली तरी ही अट बदललेली नाही. जबलपूरसारख्या शहरातील मराठी तरुणाला दूरच्या संस्थेकडून वेतनाबरोबर विद्याही मिळते की नाही, यावरच या नव्या व्यवस्थेचे वाङ्मयीन मूल्य ठरेल.