पाळ्यांचा तक्ता : विश्रांतीचा हिशोब कसा मांडावा?

आपल्या यंत्रमागधारक बांधवांपैकी अनेकांचे कारखाने बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. बारा तास आणि सहा दिवस, म्हणजे आठवड्याचे ७२ तास. १९४८ च्या कारखाना कायद्याने ४८ तासांची मर्यादा घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या संहितेतही दिवसाचे आठ तास व जादा कामाला दुप्पट मजुरी हाच नियम आहे. लहान कारखान्याला ती लागू होते की नाही, हा प्रश्न वेगळा. पण पहाटे तीन ते पाचच्या सुमारास डुलकी लागते आणि तुटलेला धागा तसाच विणला जातो, हे मालकालाही ठाऊक असते.

तीन पाळ्यांचा तक्ता वरवर सोपा दिसतो. मालेगावप्रमाणे शुक्रवार बंद धरू. शनिवारी सकाळी ६ वाजता माग सुरू, शुक्रवारी सकाळी ६ वाजता बंद. अ गट ६ ते २, ब गट २ ते १०, क गट रात्री १० ते ६. प्रत्येकाचे बरोबर ४८ तास. पुढच्या आठवड्यात पहिलीवाला दुसऱ्या पाळीत, दुसरीवाला रातपाळीत, रातपाळीवाला पहिलीत. झोपेची वेळ पुढे ढकलणे शरीराला मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते, म्हणून हा क्रम बरा.

आता विश्रांती मोजा. अ गट गुरुवारी दुपारी २ ला सुटतो, शनिवारी दुपारी २ ला येतो : ४८ तास. ब गटालाही ४८. क गट मात्र शुक्रवारी सकाळी ६ ला सुटतो आणि शनिवारी सकाळी ६ ला हजर : फक्त २४ तास! मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीची साप्ताहिक सुट्टी पाळी सुटल्यापासून २४ तास मोजतात, म्हणून कागदावर चूक नाही. पण त्याचा निम्मा दिवस झोपेतच जातो. तिघांच्या नावापुढे 'शुक्रवार सुट्टी' लिहिली, तरी सुट्टी सारखी नसते.

आमच्या मते शनिवारची पहिली पाळी १० ला सुरू करावी. तोवर जॉबरकडून तेलपाणी व सफाई उरकावी. आठवड्याच्या १४४ तासांतले चार तास जातात, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. मजुरी मीटरवर असेल तर हे आधी कामगारांशी बोलून ठरवावे.

जिथे काम सातही दिवस चालते, तिथे १६८ तास भरायचे असतात. तीन गट पुरत नाहीत, चार लागतात. प्रत्येकाला सरासरी ४२ तास येतात. दोन दिवस सकाळ, दोन दुपार, दोन रात्र, दोन सुट्टी, असे आठ दिवसांचे चक्र. आठवडा सातांचा, चक्र आठांचे; त्यामुळे सुट्टीचा वार सरकत राहतो. आठ आठवड्यांत प्रत्येक गटाला दोनच शुक्रवार सुट्टीचे मिळतात, आणि दोन शुक्रवार पहिल्या पाळीचे. जुम्याची अडचण त्या दोघांचीच. गावातील मशिदींत जमातच्या वेळा वेगळ्या असतील, तर निम्म्या कामगारांनी एका ठिकाणी व निम्म्यांनी दुसरीकडे जावे आणि अर्ध्या तासाची मधली सुट्टी त्याच वेळी द्यावी. माग बंद पडत नाहीत.

तक्ता निदान महिनाभर आधी भिंतीवर लावावा. रातपाळीच्या गटासमोर नुसता वार लिहू नये; सुट्टी किती वाजता सुरू होते आणि किती वाजता संपते, ते तासही लिहावेत.