मोटारीच्या दिव्याचा मोडलेला अ‍ॅडजस्टर घरच्या घरी बदलणे

मांडव्याच्या धक्क्यावर २०२० साली रो-रो बोटीची वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून मुंबईच्या मोटारी थेट येथे उतरतात. चोंढीमार्गे अलिबागकडे जाणारा रस्ता मात्र अरुंद व वळणावळणाचा आहे. त्याच रस्त्याने भाजीपाला व पांढऱ्या कांद्याच्या माळा लादलेल्या आपल्या शेतकऱ्यांच्या गाड्या जातात आणि कडेने माणसे पायी चालतात. अशा ठिकाणी गाडीच्या पुढच्या दिव्याचा झोत कोठे पडतो, हा प्रश्न केवळ गाडीच्या मालकापुरता राहत नाही.

दिवा नीट लागतो, परंतु झोत पायाशी तरी पडतो किंवा झाडांच्या शेंड्यांवर तरी जातो. खड्ड्यातून जाताना एकाच बाजूचा उजेड थरथरतो. ही लक्षणे दिसली म्हणजे नवा बल्ब घालून उपयोग नाही. दोष बहुधा दिव्याचा कल राखणाऱ्या स्क्रूत, म्हणजे मिस्त्री लोक ज्याला अ‍ॅडजस्टर म्हणतात त्यात असतो.

दिव्यातील चकचकीत परावर्तक तिवईसारखा तीन ठिकाणी टेकलेला असतो. त्यांपैकी एक टेकू पक्का असतो. उरलेल्या दोहोंपैकी एका स्क्रूने झोत वरखाली होतो व दुसऱ्याने डावीउजवीकडे सरतो. स्क्रूच्या टोकाची गोळी प्लॅस्टिकच्या वाटीत बसलेली असते. बल्बच्या उष्णतेने ही वाटी काही वर्षांत ठिसूळ होऊन तडकते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रूही गंजून अडकतो, आणि तो जोराने फिरवू गेल्यास प्लॅस्टिकच प्रथम मोडते. तिवईचा एक पाय निखळला की बैठक कलणारच.

हा कल केवढा महत्त्वाचा, ते हिशेबाने पाहावे. दिवा जमिनीपासून ७० सेंटीमीटर उंच असून झोताची वरची कड दर मीटरला एक सेंटीमीटर खाली उतरत असेल, तर ५० मीटरवर ती जमिनीपासून २० सेंटीमीटरवर येते. परावर्तक अवघा एक अंश वर कलला, तर तीच कड तेथे सुमारे १०७ सेंटीमीटरवर जाते आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपू लागतात. उलट एक अंश खाली कलला, तर उजेड सुमारे २५ मीटरवरच संपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी हे अंतर दीड सेकंदात तोडते. तेवढ्यात ती थांबवणे शक्य नाही.

काम दिवसाउजेडी करावे. आपल्या गाडीच्या नमुन्याचाच सुटा भाग आधी आणून ठेवावा. दिसण्यात सारखी असलेली दुसऱ्या गाडीची वाटी बसेलच असे नाही. दिवे बंद करून बल्ब पूर्ण निवू द्यावा व बॅटरीची ऋण तार सोडवावी. मागचे रबरी झाकण काढून बल्ब बाहेर घ्यावा, पण त्याच्या काचेला बोट लावू नये. हाताचा तेलकटपणा राहिल्यास ती काच तापून लवकर निकामी होते. पुष्कळ गाड्यांत दिवा काढण्यापूर्वी बंपर सैल करावा लागतो. त्याच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या ओढून काढू नयेत, उचकटणीने हळूच उचलाव्यात.

दिवा टेबलावर जुन्या कापडावर ठेवावा. जुना स्क्रू किती बाहेर आहे ते पट्टीने मोजून लिहून ठेवावे. ही दोन मिनिटे पुढचा अर्धा तास वाचवतात. मोडलेल्या वाटीचे तुकडे लांब तोंडाच्या पक्कडीने काढावेत, एकही आत राहू देऊ नये. नवी वाटी काही मिनिटे कढत पाण्यात ठेवून पुसून घेतल्यास मऊ होते व गोळी न तडकता आत बसते. स्क्रूला थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे. परावर्तकाचा मुलामा अतिशय नाजूक असतो. तो फडक्याने पुसण्याचा मोह आवरावा.

काही दिव्यांची काच चिकटवलेली असते आणि ती उघडल्याशिवाय वाटीपर्यंत हात पोचत नाही. असा दिवा घरी उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काच पुन्हा हवाबंद बसली नाही तर पावसाळ्यात आत दमट हवा शिरते आणि परावर्तक काळा पडतो. तेथे जाणत्या मिस्त्रीकडे जावे, अथवा संपूर्ण दिवा बदलावा. परावर्तक चिकटमातीने कायमचा डकवून टाकण्याची युक्ती बरेच जण करतात. तसे केल्यावर कल पुन्हा कधीच बदलता येत नाही.

आता झोत लावणे. चाकांत योग्य हवा भरून गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करावी व चालकाच्या जागी एकास बसवावे. आत दिव्याचा कल बदलण्याची कळ असल्यास ती शून्यावर ठेवावी. दिव्यांच्या मध्याची उंची व जागा भिंतीवर खडूने नोंदवावी. दिव्यावर १% असा आकडा कोरलेला असेल, तर त्या खुणेखाली ५ सेंटीमीटरवर आडवी रेघ ओढावी. अंधार पडल्यावर खालचा झोत लावून एका वेळी एकच दिवा पाहावा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरावा. उजेडाची सपाट कड रेघेवर यावी. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून ही कड दिव्याच्या मध्याखालून डावीकडे वर चढली पाहिजे. स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या भिंतीवर अशा खुणा करून एखाद्या संध्याकाळी गावातल्या सर्व गाड्या तपासून द्याव्यात. मागे माल भरला की गाडीचे नाक उचलले जाते व नीट लावलेला झोतही वर चढतो. तेव्हा लादलेली गाडी एकदा त्याच भिंतीसमोर उभी करून कळ कोणत्या आकड्यावर ठेवायची ते पाहावे, आणि तो आकडा चालकासमोर लिहून चिकटवावा.